आठवी शवपेटी: १८८५च्या लंडनमधल्या कॅम्पेनच्या नोंदी

४ जून

ठरलं एकदाचं. आमच्या रोलप्लेइंग खेळाचं पावसाळी कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट) लंडनमध्ये, साल १८८५, ऑक्टोबर ते डिसेंबर. तलवारी आणि ड्रॅगन पुरे झाले, आता मंडळींना भूत हवंय. कसलं भूत, ते मात्र कुणी सांगत नाही. ते जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मी, बघायचं.

१८८८ नको, हे ग्रुपवर आधीच टाकून दिलं. ते साल म्हटलं की व्हाइटचॅपलचा खुनी, जॅक द रिपर, आलाच, आणि मग मी काहीही मांडलं तरी मंडळी त्याच्याच मागे धावणार. १८८५ला असा कुणी प्रसिद्ध पाहुणा नाही, पण कामाचं बरंच काही आहे. सायकिकल रिसर्च सोसायटी १८८२ची, म्हणजे भुताखेतांची रीतसर चौकशी करणारी शिकलीसवरलेली माणसं वेस्टमिन्स्टरला डीन्स यार्डात बसलेली आहेत. स्कॉटलंड यार्डचा सीआयडी विभाग १८७८चा. बोटांच्या ठशांची शाखा थेट १९०१ला, त्यामुळे "ग्लासवरचे ठसे बघतो" हा हुकमी डाव बाद. डाग माणसाच्या रक्ताचा की कुत्र्याच्या, हेही १९०१च्या आधी खात्रीने सांगता येत नव्हतं. आर्सेनिक तेवढं सापडतं, मार्शची चाचणी १८३६ची आहे. बाकी तपासाला हातात उरतात माणसं, त्यांचं बोलणं आणि कागद. मला नेमकं तेच हवंय.

९ जून

वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवलं: भूत एकच. बाकी सगळी लबाडी, आणि तीही त्या काळी खरोखर चालत असे तीच.

कारण भुताचं कॅम्पेन दोन प्रकारे झोपतं. सगळंच अमानवी असलं की तिसऱ्या सेशनपासून कुणी दचकत नाही. सगळंच बनावट निघालं की शेवटी "म्हणजे बटलरनेच केलं का" म्हणून लोक चपला शोधायला लागतात. तेव्हा खेळाडूंना आधी लबाडी पकडायला शिकवायचं. दोरी कुठे असते, हात कसा सुटतो, माध्यमाला (मृतांशी बोलतो म्हणणाऱ्याला) घरातली माहिती कोण पुरवतं, हे त्यांनी स्वतः शोधून काढायचं, त्यात तरबेज व्हायचं, थोडं शेफारायचंही. मग एके दिवशी दोरी सापडतच नाही. त्या वेळी जी शांतता पसरते, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

दुसरं म्हणजे खरं काय घडलं ते मी या महिन्यातच लिहून पाकिटात बंद करणार. खेळाडूंचा एखादा तर्क माझ्यापेक्षा सरस निघाला म्हणून आयत्या वेळी सत्य बदलायचं नाही. बरेच जीएम बदलतात, लढाईच्या खेळात ते चालूनही जातं. रहस्यात मात्र बरोबर ओळखण्याला किंमत राहिली पाहिजे.

१३ जून

माध्यमांचा धंदा वाचतोय. भुतांपेक्षा कोर्टकचेऱ्याच जास्त निघाल्या.

१८६८चा होम आणि लायन खटला घ्या. जेन लायन नावाच्या श्रीमंत विधवेने दिवंगत नवऱ्याचा "निरोप" ऐकून डॅनियल डंग्लस होम या माध्यमाला तब्बल ६०,००० पौंड दिले. पुढे मन बदललं, बाई कोर्टात गेल्या आणि पैसे परत मिळवले. १८७६ला हेन्री स्लेड. हा पाटीवर भुतांकडून लिहून घ्यायचा. रे लँकेस्टर या प्राणिशास्त्रज्ञाने बैठकीत पाटी झटकन ओढून घेतली, तर भुताने लिहायला घ्यायच्या आधीच मजकूर हजर! बो स्ट्रीटच्या कोर्टात शिक्षा झाली ती १८२४च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्याखाली, तीन महिने सक्तमजुरी. अपिलात तांत्रिक मुद्द्यावर सुटला. म्हणजे माध्यमाला पकडून द्यायचं तर माझ्या खेळाडूंच्या हातात भटक्यांचा कायदा आहे आणि सुटकेची पळवाटही तयार आहे. हे कल्पनेने सुचलं नसतं.

फ्लॉरेन्स कुकच्या बैठकीत "केटी किंग" नावाचा आत्मा पांढऱ्या कपड्यांत चालत यायचा. विल्यम क्रुक्ससारख्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने १८७४ला तिच्या खरेपणाची ग्वाही दिली. १८८०ला सर जॉर्ज सिटवेल यांनी एका बैठकीत आत्म्याला धरलं, हातात आली ती खुद्द फ्लॉरेन्स. विद्वान फसतो आणि दुसरा कुणी सरळ हात पुढे करून पकडतो, हे खेळाडूंना फार आवडेल. "आत्म्याला धरतो" हा डाव कुणीतरी टाकणारच. त्याची तयारी आत्ताच करून ठेवायची. पहिल्या वेळी हातात बाई येईल. दुसऱ्या वेळी काय येईल ते पाकिटात.

फॅरेडेचा १८५३चा प्रयोग तर उचलून जसाच्या तसा घेणार. टेबल आपोआप फिरतं म्हणणाऱ्यांच्या हाताखाली त्याने पुठ्ठ्याचे थर मऊ डिंकासारख्या मिश्रणाने चिकटवून ठेवले. टेबलाच्या आधी हात सरकतात, हे थर कसे घसरले त्यावरून दिसलं. लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं.

सामानाची यादी: प्लँचेट चालेल, उइजा बोर्ड नाही, तो अमेरिकेत १८९०च्या सुमारास आला. फॉस्फरसचं तेल, मलमल, पडद्याचं कपाट, गॅसचे दिवे. थोड्या धनिकांकडे वीज. टेलिफोन आहे, पण मोजक्यांकडे.

१९ जून

आज जागा मिळाली आणि जागेसोबत गोष्टही मिळाली. लंडन नेक्रोपोलिस रेल्वे. शहरातली कब्रस्तानं तुडुंब भरली म्हणून १८५४ला सरेमध्ये ब्रुकवूडला अफाट मोठं कब्रस्तान उघडलं आणि वॉटर्लूहून तिथपर्यंत मृतांची गाडी सुरू केली. अंतर सुमारे ३७ किलोमीटर. वॉटर्लूला रुळांखालच्या कमानींत शवपेट्या ठेवायच्या आणि लिफ्टने वर फलाटावर चढवायच्या. ब्रुकवूडच्या आत दोन स्टेशनं, एक अँग्लिकनांचं, दुसरं बाकीच्यांचं. मेल्यावरही डबा पंथाप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे: पहिला, दुसरा, तिसरा वर्ग. माणसांना जाऊन-येऊन तिकीट, पेटीला फक्त जाण्याचं.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि कॅम्पेन तिथेच उभं राहिलं. वॉटर्लूच्या वहीत त्या दिवशी तिसऱ्या वर्गाच्या सात पेट्या. ब्रुकवूडला उतरल्या आठ. आठव्या पेटीवर पितळी पट्टी, आणि पट्टीवर नाव अशा माणसाचं, जो त्याच गाडीतून जिवंत उतरलाय.

तिसऱ्या वर्गातल्या, म्हणजे बहुतेक पॅरिशच्या (स्थानिक चर्च-विभागाच्या) खर्चाने पुरल्या जाणाऱ्या गरिबांच्या पेटीवर पितळी पट्टी असण्याचं कारणच नाही. कॅम्पेनमधला पहिला धागा हाच, आणि तो बघायला फासे टाकायला लागणार नाहीत. मूळ धागा फाशांवर ठेवायचाच नाही, हा माझा जुना नियम. फासे त्यापुढच्या गोष्टींसाठी: पट्टी कुठल्या दुकानात कोरली, कारकून का घाबरलाय.

अजून एक हाताशी येणारी गोष्ट. ब्रुकवूडला तिसऱ्या वर्गालाही प्रत्येकी वेगळी कबर मिळायची, सामूहिक खड्डा नाही. पण वर कायमचा दगड उभारायचा हक्क नाही. कबर आहे, नाव नाही. याभोवतीच सगळं फिरवायचं.

२४ जून

पाकिटातला मजकूर (कॅम्पेन संपेपर्यंत ही वही कुणाच्या हाती लागू द्यायची नाही):

केनिंग्टनला मिसेस हार्ग्रीव्ह नावाची माध्यम आहे. तिची माहिती येते एका अंत्यसंस्कारवाल्याच्या कारकुनाकडून: कोण गेलं, कशाने गेलं, मागे कोण, पैसा किती. चार वर्षांपूर्वी तिच्याकडे एलन नावाची मुलगी होती, मलमल पांघरून आत्मा व्हायची. एका बैठकीत कपाटात कोंडलेली असताना गुदमरून मेली. इन्क्वेस्ट (संशयास्पद मृत्यूची अधिकृत चौकशी) झाली असती तर धंदा बसला असता, म्हणून ओळखीच्या डॉक्टरकडून दुसऱ्याच मुलीच्या नावाने दाखला घेतला आणि एलनला तिसऱ्या वर्गाने ब्रुकवूडला धाडली.

हे शक्य होतं का? सहज. १८७४च्या कायद्याने मृत्यूची नोंद आणि डॉक्टरचा दाखला सक्तीचे केले, पण दाखला देण्याआधी डॉक्टरने मृतदेह डोळ्यांनी बघितलाच पाहिजे अशी अट नव्हती. कुठलाही कट न रचता, एका सहीने माणूस गायब.

आता एकमेव अमानवी नियम. त्या घरात, अंधारात, एलनचा आवाज ऐकून जो कुणी तिला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतो (आपली मुलगी, बहीण, बायको समजून), त्याची पेटी ब्रुकवूडला आधी पोचते. माणूस नंतर मरतो. कारण साधं असतं: ताप, पडणं, बग्गीखाली येणं. एलनला तिच्या नावाने हाक मारली की नियम लागू होत नाही. तिचं नाव कायद्याने नोंदलं गेलं की पेट्या बंद.

बस्स. ती भिंतीतून येत नाही, कुणाचा गळा दाबत नाही, आरशात दिसत नाही. कुणी विचारलं की "पण तिला राग कशाचा", तर उत्तर वॉटर्लूच्या वहीत आहे.

२८ जून

सेशन झीरो (खेळाआधी पात्रं आणि मर्यादा ठरवायची बैठक) आमच्याकडे, मिसळ आणि मुसळधार पावसासह. लहान बाळांचे मृत्यू नकोत असं एकीने सांगितलं. तिथल्या तिथे मान्य केलं आणि दोन प्रसंग कापले.

पात्रं मस्त झालीत. सायकिकल रिसर्च सोसायटीत टिपणं घेणारी तरुणी. १८७७च्या "डिटेक्टिव्हांच्या खटल्या"नंतर (लाचखोर पोलीस अधिकाऱ्यांवरचा) स्कॉटलंड यार्डातून बाहेर पडलेला माजी हवालदार. पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये जादूच्या खेळांत पडद्यामागे काम करणारा. लबाडी ओळखणारं पात्र एक तरी हवंच होतं, ते न सांगता आलं.

उरलेल्या दोघांनी हिंदुस्थानी पात्रं घेतली आणि मला ती ओढूनताणून बसवावी लागली नाहीत. एक आया: साहेबाच्या मुलांना घेऊन आली, इथे पोचल्यावर तिला वाऱ्यावर सोडलं. अशा बायका तेव्हा लंडनमध्ये खरोखर होत्या आणि ऑल्डगेटला त्यांच्यासाठी निवारा होता. दुसरा मुंबईचा, वकिलीसाठी आलेला. घरी समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्ताचं बोलणं चालू आहे आणि प्रत्येक पत्राला अडीच-तीन आठवडे लागतात. त्याला थोडी इतिहासाची साथही आहे. १८८५च्या निवडणुकीआधी हिंदुस्थानची बाजू मांडायला जे तिघे इंग्लंडला गेले त्यात नारायण गणेश चंदावरकर होते. पात्राने त्यांच्या एखाद्या सभेला जाणं अगदी सहज आहे. शिवाय थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या मॅडम ब्लाव्हाट्स्की १८७९पासून काही वर्षं मुंबईत, सुरुवातीला गिरगावात राहत होत्या. या वकिलाच्या थोरल्या भावाला तेव्हा थिऑसॉफीचं वेड लागलेलं. डिसेंबर १८८५ला सायकिकल रिसर्च सोसायटीचा, हॉजसन यांनी केलेला अहवाल छापून येतो आणि ब्लाव्हाट्स्कींचे चमत्कार फसवणूक ठरतात. ते वाचून भावाला काय लिहायचं, हा त्या पात्राचा स्वतंत्र धागा. खेळाडू स्वतः कोर्टात असतो, त्यामुळे पत्र तो मन लावून लिहील याची खात्री आहे.

नियम कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या रोलप्लेइंग खेळातले, टक्केवारीचे फासे. मनःस्वास्थ्याचे आकडे मात्र फक्त खऱ्या भुतासाठी. लबाडी बघून कुणाचंही डोकं फिरत नाही, उलट चढतं.

५ जुलै

ग्रुपवर सहज विचारलं: कबरीत अतृप्त आत्मा असेल तर काय कराल? पाच जणांपैकी चौघांचं उत्तर एकच. उकरा आणि जाळा. एकाने तर पिंडदानाचं सामान ब्रुकवूडला कसं न्यायचं याचीही चौकशी केली.

हे होणारच होतं. आपल्याकडे दहन म्हणजे रोजचा व्यवहार. त्या लंडनमध्ये ती बंडखोरी होती. पण गंमत अशी की रस्ता अगदीच बंद नाही. ब्रुकवूडपासून जवळ, वोकिंगला, भट्टी १८७८लाच बांधलेली. कायद्याच्या शंकेमुळे पडून होती. १८८४ला वेल्समध्ये डॉ. विल्यम प्राइस यांनी आपल्या लेकराचं दहन केलं म्हणून खटला भरला गेला, आणि न्यायमूर्ती स्टीफन यांनी सांगितलं की इतरांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नाही. वोकिंगला पहिलं दहन २६ मार्च १८८५, त्या वर्षात एकूण तीन. म्हणजे माझे खेळाडू चौथ्यासाठी अर्ज घेऊन जाऊ शकतात!

जाऊ दे त्यांना. दहनाला विरोध करणाऱ्यांचा एक मोठा मुद्दा हाच होता की देह जळला की विषप्रयोगाचा पुरावाही जळतो. एलनला जाळलं तर ती मुलगी कोण आणि कशाने गेली, हे कधीच सिद्ध होणार नाही, नोंद चुकीचीच राहील आणि पेट्या येत राहतील. त्यांना आपल्या घरचा उपाय सुचेल, तो मनापासूनचा असेल आणि इथे तोच घातक ठरेल. पण त्यांना वाटेत सावध करणारं कुणीतरी हवं, नाहीतर ती जीएमची दगाबाजी होईल. वोकिंगचा अर्ज तपासणारा डॉक्टर विचारेल: "मृताचं नाव तुम्हाला नक्की माहीत आहे ना?" एवढं पुरे.

बरोबर रस्ता जास्त कंटाळवाणा आणि म्हणून जास्त थरारक: १८५७च्या दफन कायद्याप्रमाणे गृहमंत्र्यांचा परवाना घेऊन किंवा कॉरोनरच्या (इन्क्वेस्ट घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या) हुकमाने देह बाहेर काढणं, मग इन्क्वेस्ट. गृहमंत्री रिचर्ड क्रॉस. मतदान २४ नोव्हेंबर ते १८ डिसेंबर, म्हणजे नेमके याच आठवड्यांत सगळे बडे लोक प्रचारात. परवान्यासाठी गृहखात्यात खेटे घालायचे आणि तिकडे एका पात्राच्याच नावाची पेटी उतरायची. सरकारी कचेरीत ताटकळण्याचा अनुभव आपल्या टेबलावर सगळ्यांना आहे, वेगळं वातावरण तयार करायला नको.

शेवटचा प्रसंग दारूच्या गुत्त्यात. इन्क्वेस्टला सरकारी जागा असेलच असं नाही, पुष्कळदा पबच्या वरच्या खोलीत चालायची, आणि ज्यूरीने मृतदेह प्रत्यक्ष पाहायचाच असा नियम होता. बारा अनोळखी माणसं एकेक करून पेटीत डोकावतात आणि कॉरोनर विचारतो, हिचं नाव काय. त्या प्रश्नाला कोण उत्तर देतं यावर कॅम्पेनचा शेवट.

१४ जुलै

आज चाचणी घेतली. सायकिकल रिसर्च सोसायटीचे डेव्ही नावाचे सदस्य १८८६-८७ला स्वतः पाटी-लेखनाच्या खोट्या बैठका घ्यायचे आणि पाहुण्यांकडून नंतर जबाब लिहून घ्यायचे. लोकांनी न घडलेल्या गोष्टी लिहिल्या आणि घडलेल्या गाळल्या. माझं कॅम्पेन १८८५चं, म्हणून अहवाल खेळात आणता येत नाही, पण युक्ती वापरता येते.

शेजारचे काका-काकू आणि त्यांच्याकडे आलेली भाची, तिघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. दिवे बंद, खिडकीला सतरंजी, एकमेकांचे हात धरलेले. दहा मिनिटांत मी इतकंच केलं: पायाने टेबलाचा पाय दोनदा ठोकला, एकदा उठून पंख्याचं बटण चालू-बंद केलं, आणि मधे एकदा भाचीला म्हणालो, "हात सोडू नकोस हं." मग दिवे लावून प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवून लिहायला लावलं. काकांनी लिहिलं, टेबल वीतभर उचललं गेलं. काकूंना थंड वारा "उदबत्तीच्या वासासह" जाणवला. घरात उदबत्ती लागलीच नव्हती. मी जागेवरून उठलो, हे तिघांपैकी कुणाच्याच कागदावर नाही. भाची म्हणते, तिने हात क्षणभरही सोडला नाही. माझं वाक्य ऐकून तिने तो सोडून पुन्हा धरला होता, ते काकूंनी सांगितलं.

आता प्रत्येक बैठकीनंतर हेच करायचं. मी प्रसंग एकदाच वाचून दाखवणार, नोंदी घ्यायला बंदी. मग पाच मिनिटं, प्रत्येकाने आपल्या पात्राचा जबाब लिहायचा. पुढच्या सेशनला ते जबाब हाच पुरावा, माझं मूळ टिपण नाही. खऱ्या बैठकीच्या दिवशीचा माझा मजकूर आणि त्यांचे पाच कागद यांच्यातून दोरी नसलेली जागा त्यांनीच शोधायची.

१९ जुलै

किरकोळ कामं. पैशांचा तक्ता केला: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, गिनी २१ शिलिंगांची. भाड्याची हॅन्सम बग्गी पहिल्या दोन मैलांना एक शिलिंग. धुक्यासाठी वेगळा नियम केला होता, तो काढून टाकला. सारखं धुकं आणलं की त्याची दहशत जाते. एकदाच आणायचं, आणि आणायचं तर १८७३च्या डिसेंबरसारखं, जेव्हा इस्लिंग्टनच्या गुरांच्या प्रदर्शनात जनावरं गुदमरून मेली होती.

तारेचे कोरे फॉर्म छापले. १ ऑक्टोबर १८८५पासून सहा पेन्सला १२ शब्द, आणि पत्ताही त्याच १२ शब्दांत मोजायचा. खेळाडूंनी तार पाठवली तर फॉर्म भरून द्यायची, मी शब्द मोजणार, तेरावा खोडणार. एनपीसींच्या (मी चालवतो त्या पात्रांच्या) ताराही याच नियमाने. हार्ग्रीव्हबाईंची शेवटची तार लिहून बघितली, पत्ता धरून अकरा शब्द झाले. बाराव्या जागी "एलन" बसतं.

२६ जुलै

पहिलं सेशन येत्या रविवारी, दुपारी तीनला. सुरुवात घरातल्या बैठकीने नाही, वॉटर्लूच्या फलाटावर. रविवारीही ही गाडी सुटायची, कामकरी लोकांना तोच एक दिवस मोकळा. पाचही पात्रं वेगवेगळ्या कारणांनी तिथे: आयेच्या मैत्रिणीचं दफन, हवालदाराकडे कारकुनावर नजर ठेवायचं खासगी काम, वकील घरमालकिणीसोबत आलाय, टिपणं घेणारी आणि जादूवाला एकाच संशयित माध्यमाच्या मागावर. एकमेकांना कुणी ओळखत नाही. ब्रुकवूडला उतरल्यावर पेट्या मोजल्या जातात.

पहिल्या आठव्या पेटीवरचं नाव घरमालकिणीचं. तिला आधी अर्धा तास डब्यात बोलू द्यायचं, बिस्किटं वाटू द्यायची, वकिलाला भाडं थकल्याची आठवण करू द्यायची. ती मेली तर त्यांना वाईट वाटलं पाहिजे, आणि वाचवायला त्यांच्याकडे सेशनमधले अठरा दिवस आहेत. वाचेल का? नियमाप्रमाणे तिने एलनला "मेरी" म्हणून हाक मारून झालीय. वाचायचा रस्ता आहे, फक्त अठरा दिवसांत गृहखात्यातून कागद बाहेर पडायला हवा.

राहिलेलं: वॉटर्लूच्या वहीचं पान चहाच्या पाण्यात बुडवून वाळत घालणे, जबाबांसाठी कोरे कागद, पाटी-पेन्सिल, सहावा फाशांचा संच काकांच्या भाचीसाठी. चाचणीनंतर ती मागेच लागलीय, पुढच्या सेशनपासून तिला कॉरोनरची कारकून म्हणून आणायचं.